साठ्याच्या वहीतून उमगलेला रोग

भुसाराच्या पेढीवर एखादा जिन्नस वर्षानुवर्षे ठरावीक गतीने खपत असतो. त्याची आवक केव्हा, जावक किती, गिऱ्हाईक कोण, हे मुनीमजींना वही न उघडताही ठाऊक असते. अशा मालाला एखाद्या हंगामात अचानक उठाव आला, तर नवशिका व्यापारी हरखून जातो आणि मुरलेला मुनीम विचारात पडतो. माल कोण नेत आहे, कशासाठी नेत आहे आणि नेहमीचे कारण का सांगत नाही, असे त्याला वाटू लागते. १९८१ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील अटलांटा शहरी हेच प्रश्न एका स्त्रीच्या मनात आले आणि विसाव्या शतकातील एका अतिशय भीषण साथीचा सुगावा लागण्यास त्यांचा हातभार लागला.

या स्त्रीचे नाव सँड्रा फोर्ड. त्या डॉक्टर नव्हत्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात क्वचित लागणाऱ्या औषधांचा एक विभाग होता, तेथे त्या औषध-तंत्रज्ञ म्हणून काम पाहत. या विभागाकडे पेंटामिडीन नावाचे एक औषध असे. आफ्रिकेतील निद्रारोग आणि आपल्याकडील बिहार-बंगालचा काळा आजार यांसाठी ते मूळ वापरात आलेले. बनवणारी कंपनी ब्रिटनमधील. अमेरिकेत त्याला मागणी इतकी तुरळक होती की, तेथे त्याचा परवाना काढण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. म्हणून सरकारी केंद्रच त्याचा साठा ठेवी. डॉक्टरने दूरध्वनी करायचा, रुग्णाची माहिती द्यायची, औषध का हवे ते सांगायचे. मग औषध रवाना होई आणि नोंद होई.

ही नोंद म्हणजे निव्वळ कारकुनी नव्हती. १९६७ ते १९७० या तीन वर्षांतील अशा नोंदींच्या आधारे न्यूमोसिस्टिस नावाच्या फुप्फुसदाहाच्या १९४ खात्रीशीर रुग्णांचा अभ्यास पूर्वीच प्रसिद्ध झाला होता. एवढ्या मोठ्या देशात तीन वर्षांत १९४, यावरून रोग किती विरळ होता हे कळते. त्यांतील जवळजवळ प्रत्येकाच्या नावापुढे काही ना काही कारण होते. कोणाला रक्ताचा कर्करोग, कोणाचे मूत्रपिंड बदललेले, कोणा बालकाची रोगप्रतिकारशक्ती जन्मतःच अपुरी. १९८१ साली मात्र, विशेषतः न्यूयॉर्कहून, अशा मागण्या येऊ लागल्या की कारणाचा रकाना भरताच येईना. रुग्ण तरुण पुरुष. कर्करोग नाही, प्रत्यारोपण नाही, पूर्वीचे कोणते औषधही नाही. फोर्ड यांनी एप्रिल महिन्यात ही बाब लेखी टिपणाद्वारे वरिष्ठांपुढे ठेवली.

त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, लॉस एंजेलिस येथे, डॉ. मायकेल गॉटलीब आणि त्यांचे सहकारी अशाच रुग्णांनी चकित झाले होते. ५ जून १९८१ रोजी रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात त्यांचे छोटेसे निवेदन छापून आले. तीन वेगवेगळ्या रुग्णालयांतील पाच तरुण, पूर्वी धडधाकट असलेले, सर्वांना न्यूमोसिस्टिसचा फुप्फुसदाह. पैकी दोघे तोवर मृत्यू पावलेले. आज जगभर एड्सच्या इतिहासाचा आरंभ याच निवेदनापासून मोजतात. एड्स हे नाव १९८२ मध्ये मिळाले, विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला. म्हणजे मूळ चोर पकडला जाण्याच्या दोन वर्षे आधी, त्याने उघड्या टाकलेल्या दारातून आत शिरलेला दुसरा चोर दिसला होता.

वैद्यकात या दुसऱ्या चोराला संधिसाधू म्हणतात. शब्द समर्पक आहे. गोदामातील धान्याला बुरशीचे बीज बाहेरून आणून कोणी लावत नाही. ते हवेत सदैव असते. जोवर धान्य कोरडे आणि हवा खेळती, तोवर ते निमूट पडून राहते. ओल आली की आठवड्याभरात पोती काळी पडतात. निरोगी मनुष्याच्या फुप्फुसाचेही तसेच आहे. न्यूमोसिस्टिसशी बहुतेक सर्व मुलांची गाठ वयाच्या पहिल्या चार वर्षांतच पडते, हे रक्तातील प्रतिद्रव्यांवरून सिद्ध झाले आहे. त्यांतील एकालाही एरवी त्याचा पत्ता लागत नाही.

या जीवाची ओळख पटण्याची कथाही चुकांनी भरलेली आहे. १९०९ साली ब्राझीलचे थोर संशोधक कार्लोस शागास यांना तो गिनीपिगच्या फुप्फुसात दिसला. त्यांना तो त्यांच्या अभ्यासातील दुसऱ्याच एका परजीवीचा अवतार वाटला. पुढच्याच वर्षी अँतोनियो कारिनी यांना तो उंदरांत आढळला. १९१२ मध्ये पाश्चर संस्थेतील देलानोए पती-पत्नीने पॅरिसच्या गटारांतील उंदीर तपासून हा वेगळाच जीव असल्याचे दाखवले आणि कारिनींच्या नावावरून त्याचे बारसे केले. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षे त्याच्याकडे फारसे कोणी फिरकले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मध्य युरोपात अपुऱ्या दिवसांची आणि कुपोषित अर्भके, विशेषतः अनाथालयांतील, एका चमत्कारिक फुप्फुसदाहाने दगावू लागली, तेव्हा १९५२ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील व्हानेक आणि यिरोव्हेत्स यांनी त्याचा संबंध या जीवाशी जोडला. मनुष्यात आढळणाऱ्या जातीला आता यिरोव्हेत्स यांचेच नाव आहे. एवढे होऊनही १९८८ पर्यंत बहुतेक तज्ज्ञ त्याला प्राणिवर्गात मोडत होते. त्या वर्षी त्याच्या जनुकीय द्रव्याची तुलना झाली आणि तो बुरशी ठरला. गंमत अशी की बुरशीवरची नेहमीची औषधे त्याला लागू पडत नाहीत, कारण त्या ज्या पदार्थावर घाव घालतात तो त्याच्या आवरणात नाहीच.

याच्या तुलनेत औषधाची कथा सरळ आहे, आणि तीच अधिक अस्वस्थ करणारी आहे.

अमेरिकेतील मेम्फिस शहरी मुलांच्या कर्करोगासाठी सेंट ज्यूड नावाचे रुग्णालय १९६२ पासून चालते. तेथे रक्ताच्या कर्करोगावरील उपचार जसजसे प्रभावी होत गेले, तसतसे एक विचित्र दुःख वाट्याला येऊ लागले. मूल कर्करोगातून सावरायचे, रक्ताचे अहवाल स्वच्छ यायचे, आणि मग धाप लागून, निळे पडून जायचे. मूळ रोग हटत आला असताना हा फुप्फुसदाह मुलाला नेई. तेथील डॉ. वॉल्टर ह्यूज यांनी प्रथम उंदरांवर आणि नंतर मुलांवर को-ट्रायमोक्साझोल हे औषध वापरून पाहिले. हे काही नवलाईचे रसायन नव्हे. सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम या नावांनी ते आपल्याकडील मागच्या पिढीच्या घराघरांत ठाऊक होते. जुलाब झाले, लघवीला जळजळ झाली की डॉक्टर हीच गोळी लिहून देत.

१९७७ साली ह्यूज यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. धोका अधिक असलेल्या १६० रुग्णांचे दोन सारखे गट केले. ८० जणांना ही गोळी रोज दिली, ८० जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. दुसऱ्या गटातील १७ जणांना न्यूमोसिस्टिस झाला. पहिल्या गटात एकालाही नाही. वैद्यकीय चाचण्यांत इतका स्वच्छ ताळेबंद क्वचितच पाहावयास मिळतो. पुढे १९८७ मध्ये त्यांनी असेही दाखवले की आठवड्यातून सलग तीन दिवस गोळी घेतली तरी रक्षण होते.

असे असताना एड्सचे रुग्ण या एका रोगाने हजारोंनी का मरत राहिले? १९७७ मध्ये उत्तर छापून आलेले होते. न्यूयॉर्कचे डॉ. जोसेफ सोनाबेंड आपल्या रुग्णांना ही गोळी आधीपासून प्रतिबंधक म्हणून देत असत. त्यांचे रुग्ण आणि स्वतः गायक असलेले मायकेल कॅलन यांनी मे १९८७ मध्ये सरकारी अधिकाऱ्यांची भेट घेऊन विनवले की, एवढी एक सूचना देशभरच्या डॉक्टरांना पाठवा. उत्तर मिळाले की, कर्करोगाच्या मुलांत सिद्ध झाले ते एड्सच्या रुग्णांत सिद्ध झालेले नाही. चाचणी व्हावयास हवी. एड्सच्या रुग्णांतील चाचणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा कौलही तोच पडला. अधिकृत मार्गदर्शक सूचना निघाल्या त्या जून १९८९ मध्ये.

अधिकाऱ्यांची भूमिका अगदीच निराधार नव्हती, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. एड्सच्या रुग्णांना या औषधाने अंगावर पुरळ, ताप असे त्रास इतरांपेक्षा पुष्कळ अधिक होतात. कागद अपुरे म्हणून कर्जाची फाईल परत पाठवणे नियमाला धरूनच असते. परंतु ज्या फाईलवर रोज माणसे मरत आहेत आणि ज्या औषधाची किंमत चहाच्या पेल्याएवढी आहे, तेथे अपुऱ्या कागदांवरही तात्पुरती मंजुरी देण्याचे धैर्य कोणीतरी दाखवावयास हवे होते. दोन वर्षांचा तो विलंब आजही पचनी पडत नाही.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या परिश्रमातून झाली. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून विषाणूविरोधी औषधे विनामूल्य मिळू लागली, आणि प्रतिकारपेशींची संख्या फार उतरलेल्या रुग्णाला को-ट्रायमोक्साझोलही तेथूनच दिले जाते. आपल्याकडे अशा रुग्णांच्या फुप्फुसाचा पहिला शत्रू मात्र क्षय हाच आहे. न्यूमोसिस्टिस त्याच्या मागे लपतो. खोकला आणि ताप दिसला की क्षयाचे औषध सुरू होते, गुण येत नाही, आणि दिवस निघून जातात.

व्यापारी कुटुंबांत हा विषय निघाला की तो आपल्या उंबरठ्यापलीकडचा समजून बाजूस सारण्याची प्रवृत्ती असते. ती चुकीची आहे. आज प्रतिकारशक्ती खालावलेले लोक बहुसंख्येने एचआयव्हीचे नाहीतच. ज्यांचे मूत्रपिंड पत्नीने वा आईने दिलेले आहे ते, केमोथेरपी चालू असलेले, संधिवातासाठी नवी इंजेक्शने घेणारे, आणि सर्वांत मोठा वर्ग म्हणजे प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड महिनोन् महिने घेणारे, हे सर्व या यादीत येतात. त्वचेचा दुर्धर विकार, ल्यूपस, आतड्याचा दाह अशा कारणांनी ही गोळी योग्यच असते आणि जीव वाचवते. परंतु रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा महिनाभर वा अधिक चालणार असेल, विशेषतः जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारे दुसरे औषध असेल, तर न्यूमोसिस्टिसच्या प्रतिबंधाचा विचार करावा असे तज्ज्ञ सांगतात. हा विचार डॉक्टरांनी करावयाचा आहे. तो त्यांना विचारण्याचे काम घरच्यांचे आहे. सल्फाची ॲलर्जी असेल, मूत्रपिंड दुबळे असेल, रक्तातील पोटॅशियम वाढत असेल, तर ही गोळी घातक ठरू शकते. अशा वेळी दुसरे औषध निवडतात. म्हणून केमिस्टकडून परस्पर आणून सुरू करण्याचा हा विषय नव्हे.

आणि परस्पर बंद करण्याचाही नव्हे. प्रत्यारोपणानंतर ही गोळी साधारणपणे सहा महिने ते वर्षभर देतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रुग्णाला बरे वाटू लागते, औषधांचा डबा पाहून घरातील कोणीतरी म्हणते, “एवढ्या गोळ्यांत ही एक कशाला? ही तर जुलाबाची गोळी.” डब्यातील सर्वांत स्वस्त गोळी हीच असल्याने तिचे महत्त्व कोणाला वाटत नाही. ती वगळली की महिनाभर काहीच होत नाही, आणि त्यामुळे वगळणाऱ्याचा समज पक्का होतो.

औषधविक्रीचा व्यवसाय करणारी घरे समाजात थोडी नाहीत. स्टिरॉइडची जुनी चिठ्ठी घेऊन तेच गिऱ्हाईक चौथ्यांदा आले, तर तारीख पाहावी. दम्याला, गुडघ्याला, अंगदुखीला आराम पडतो म्हणून वर्ष-वर्ष ही गोळी घेणारे लोक दुकानाच्या काउंटरवरच ओळखू येतात. डॉक्टरांना ते शेवटी भेटतात. फोर्ड यांच्या वहीतही निराळे काही नव्हते.

व्रत-उपवासांचाही येथे संबंध येतो. पर्युषणात अठ्ठाई करण्याची अनेकांची मनीषा असते. स्टिरॉइड दीर्घकाळ घेणाऱ्याने ते एकाएकी थांबवले तर शरीराची स्वतःची संप्रेरके तयार नसल्याने प्राणावर बेतू शकते. चौविहार पाळणाऱ्या रुग्णाने मात्र काळजी करण्याचे कारण नाही. प्रतिबंधक मात्रा बहुधा दिवसातून एकदाच असते, ती सूर्यास्तापूर्वी भरपूर पाण्यासह घेता येते. अन्य औषधांच्या वेळाही डॉक्टरांशी बोलून दिवसात बसवता येतात. न सांगता गाळणे एवढेच टाळावयाचे.

संधिसाधूंच्या यादीत न्यूमोसिस्टिस एकटा नाही. ॲस्परजिलस ही बुरशी सादळलेल्या धान्यात, गोणपाटाच्या धुळीत, ओल धरलेल्या भिंतीत आणि बांधकाम पाडताना उडणाऱ्या धुराळ्यात असते. दिवाळीपूर्वी गोदाम झाडून काढण्याची, जुनी पोती उपसण्याची रीत चांगली आहे. केमोथेरपी चालू असलेल्या मालकाने त्या दिवशी गोदामात उभे राहू नये. घराचे नूतनीकरण काढले असेल तर तेवढे दिवस रुग्णाने भावाकडे वा मुलीकडे राहावे. क्रिप्टोकॉकस या दुसऱ्या बुरशीचा पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेशी असलेला संबंध अमेरिकेतील चेस्टर एमन्स यांनी १९५५ मध्येच दाखवला. ती श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि दुबळ्या शरीरात तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते. पारव्यांना दाणे घालणे हा अनेक घरांत जीवदयेचा, वाडवडिलांपासूनचा नेम आहे आणि त्यावरून अलीकडे मुंबईत बरेच वातावरणही तापले. त्या वादात न शिरताही एवढे म्हणता येते की, ज्या घरात प्रत्यारोपणाचा किंवा कर्करोगाचा रुग्ण आहे, त्या घराच्या गॅलरीत आणि वातानुकूलन यंत्राच्या मागे पारव्यांचा मुक्काम नसावा. तेथील वाळलेली घाण कोरडी झाडू नये. पाण्याने भिजवून, नाकातोंडाला घट्ट मुखपट्टी बांधून दुसऱ्या कोणी काढावी. घरातील रुग्णाचा जीव हाही जीवच आहे.

न्यूमोसिस्टिसची चाहूल फसवी असते. कफ पडत नाही, कोरडा खोकला असतो. ताप कधी थोडा, कधी चांगलाच. डॉक्टरांनी छातीला नळी लावली तरी आवाज स्वच्छ येऊ शकतो, आणि सुरुवातीला क्ष-किरण चित्रही निर्दोष दिसू शकते. फरक पडतो तो श्रमांत. काल दोन जिने चढणारा मनुष्य आज पहिल्याच वळणावर थांबतो, स्नान करून आल्यावर बोलता बोलता अडखळतो. एचआयव्हीच्या रुग्णात हे हळूहळू, काही आठवड्यांत वाढते. स्टिरॉइड किंवा केमोथेरपीच्या रुग्णात तेच काही दिवसांत उरकते आणि मृत्यूचे प्रमाणही अधिक असते. म्हणून तेथे “सोमवारी दाखवू” म्हणण्याची सोय नाही. रुग्णालयात गेल्यावर प्रथम सांगावयाची गोष्ट खोकला ही नसून, कोणती औषधे किती दिवसांपासून चालू आहेत ही आहे. लोकलज्जेने एचआयव्हीची माहिती दडवली, तर डॉक्टर चुकीच्या दिशेला जातात.

करोनाच्या काळात बहुतेक घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे छोटे यंत्र आले आणि नंतर कपाटात पडून राहिले. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारा कोणी घरात असेल तर ते बाहेर काढावे, सेल बदलावेत. रुग्ण ठणठणीत असतानाच प्रथम बसून आकडा पाहावा, मग घरातच पाच-सहा मिनिटे चालून पुन्हा पाहावा आणि दोन्ही लिहून ठेवावेत. पुढे खोकला किंवा धाप जाणवली की हेच करावे. बसून ९७ दिसणारा आकडा चालल्यावर ९२-९३ वर आला, तर छाती स्वच्छ आहे असे कोणी सांगितले तरी त्याच दिवशी मूळ उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. वहीत तारखेपुढे दोन रकाने आखावेत, एक बसल्याचा आणि एक चालल्याचा.